मागितला ताबा, हवी होती भेट : पुण्यातील एका प्रकरणाचा अभ्यास

अर्जाच्या शेवटच्या परिच्छेदात तीन मागण्या होत्या. अर्जदार आजी-आजोबांची नातीचे पालक म्हणून नेमणूक व्हावी, ही पहिली. तिचा ताबा त्यांच्याकडे द्यावा, ही दुसरी. तिसरी 'वरील मागण्या मान्य न झाल्यास' अशा शब्दांनी सुरू होत होती आणि तीत आठवड्यातून एकदा नातीला भेटू द्यावे, एवढेच म्हटले होते. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात समुपदेशकांपुढे पहिली बैठक झाली तेव्हा आजींनी सांगितले की त्यांना हवी होती ती तिसरीच गोष्ट. पहिल्या दोन 'मागून ठेवाव्या लागतात' असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. प्रकरण चौदा महिने चालले. त्यातला निम्म्याहून अधिक काळ त्या मागून ठेवलेल्या दोन मागण्यांनी नातीच्या आईच्या मनात बसवलेली धास्ती उतरवण्यात गेला, असे मला वाटते, आणि हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे कारणही तेच आहे.

हे प्रकरण कोणा एका कुटुंबाचे नाही. अशा वादांत पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या गोष्टी जुळवून ते अभ्यासासाठी रचले आहे; त्यात आलेले कायद्याचे आणि न्यायनिर्णयांचे संदर्भ मात्र प्रत्यक्षातले आहेत.

घर

आजी-आजोबांचे घर नवी पेठेत, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. आजोबा बँकेतून निवृत्त झालेले, वय बहात्तर. आजी सदुसष्ट वर्षांच्या. मुलगा, सून आणि नात त्यांच्याबरोबरच राहत. वाकडला मुलाच्या आणि सुनेच्या नावावर घेतलेली सदनिका भाड्याने दिलेली होती. २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, मुलगा गेला. नात तेव्हा चार वर्षांची होती.

त्यानंतरची अडीच वर्षे सून सासरीच राहिली. हिंजवडीच्या कंपनीचे काम ती घरून करी, आणि मुलीचे खाणेपिणे, शाळेची रिक्षा, संध्याकाळची शुभंकरोती हे सगळे आजींकडे होते. दोन्ही बाजूंच्या कागदपत्रांत या काळाबद्दल एकही तक्रार नाही, ही गोष्ट वकिलांच्या नजरेतून सुटली असली तरी समुपदेशकांच्या सुटली नाही. पुढे कंपनीने कर्मचाऱ्यांना कार्यालयात बोलावले, रोजचा प्रवास झेपेना, तेव्हा सून मुलीला घेऊन वाकडच्या सदनिकेत राहायला गेली. शनिवार-रविवार मुलगी नवी पेठेत येई. इथवर सारे सुरळीत होते.

बिनसले ते सुनेने दुसऱ्या लग्नाचा विचार केला तेव्हा, आणि खरे म्हणजे ती बातमी सासू-सासऱ्यांना तिच्याकडून न कळता एका नातेवाइकाकडून कळली तेव्हा. त्या रात्री फोनवर आजोबा रागाच्या भरात म्हणाले, "तुला जायचं तर जा, आमची पोर आम्हाला देऊन जा." सुनेच्या लेखी कैफियतीत, म्हणजे अर्जाला दिलेल्या उत्तरात, हे वाक्य अवतरणचिन्हांत आले आहे, आणि आजोबांनी ते नाकारलेले नाही. शनिवारच्या भेटी आधी विरळ झाल्या, मग थांबल्या. आजोबा दोनदा शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाशी जाऊन उभे राहिले. शाळेने मुलीला त्यांच्या हाती दिले नाही, आणि ते योग्यच केले. पण दुसऱ्या खेपेस मुलीने रिक्षातून वळून पाहिले आणि ती रडली. आईने शाळेला पत्र दिले की तिच्याखेरीज कोणालाही मुलीला भेटू देऊ नये. पत्राची बातमी नवी पेठेत पोहोचली आणि आजोबा वकिलांकडे गेले. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती.

मागणी आणि कायदा

अर्ज पालक आणि पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम ७ (पालकाची नेमणूक) आणि २५ (पाल्याचा ताबा) खाली होता. दोन्ही कलमे इथे पंगू होती. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ प्रमाणे वडिलांच्या पश्चात आई ही नैसर्गिक पालक असते. मुदत ठेवीच्या पावतीवर किंवा सातबाऱ्यावर 'अ. पा. क.' (अज्ञान, म्हणजे अल्पवयीन मुलाची पालनकर्ती) म्हणून तिचेच नाव लागते. १८९० च्या अधिनियमाचे कलम १९ सांगते की आई किंवा वडील हयात असतील आणि न्यायालयाच्या मते ते अपात्र नसतील, तर दुसऱ्या कोणाला पालक नेमता येत नाही. म्हणजे आजी-आजोबांना आधी आपली सून आई म्हणून अपात्र आहे असे सिद्ध करावे लागले असते. कलम २५ तर पालकाच्या ताब्यातून निघून गेलेल्या किंवा काढून नेलेल्या पाल्याला परत आणण्यासाठी आहे. इथे मुलगी आपल्या पालकाकडेच होती.

अपात्रता दाखवायची म्हणून मग अर्जात ती वाक्ये आली, जी अशा अर्जांत नेहमी येतात: जाबदार (म्हणजे सून) उशिरापर्यंत कामावर असते, मुलीला पाळणाघरात ठेवते, परपुरुषाच्या घरात मुलगी सुरक्षित राहणार नाही. ही वाक्ये आजींची नव्हती. त्यांनी अर्जावर सही केली होती, पण तो समुपदेशकांनी वाचून दाखवला तेव्हा त्यांनी पदर तोंडाला लावला. सुनेने मात्र ती वाक्ये मध्यरात्री एकटीने वाचली होती. ज्या बाईबरोबर अडीच वर्षे एका ओट्यावर स्वयंपाक केला ती आपल्याबद्दल असे लिहिते, हे तिला कळले, आणि तिने कैफियतीत तितक्याच धारेची वाक्ये लिहवून घेतली: अर्जदारांना मुलीत रस नसून सदनिकेत आहे, आणि हा अर्ज लग्न मोडण्यासाठी केलेला दबाव आहे.

आजोबांच्या वकिलांनी युक्तिवादात दोन निर्णयांचा आधार घेतला. २०२२ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोविडमध्ये आई-वडील दोघेही गमावलेल्या एका मुलाचा ताबा मावशीऐवजी वडिलांच्या आई-वडिलांकडे दिला, आणि उतारवय किंवा बेताचे उत्पन्न ही केवळ आजी-आजोबांना नाकारण्याची कारणे होऊ शकत नाहीत असा विचार मांडला. २००८ च्या एका निर्णयात मुलाला आईच्या आई-वडिलांकडेच राहू दिले होते. पण पहिल्या प्रकरणात आई-वडिलांपैकी कोणीच उरले नव्हते, आणि दुसऱ्यात आईच्या मृत्यूसंबंधी वडिलांवर फौजदारी खटला होता. आपल्या प्रकरणाशी अधिक जुळणारे दोन निर्णय सुनेच्या बाजूचे होते. मुंबई उच्च न्यायालयातून गेलेल्या आणि २०१९ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेल्या प्रकरणात आई वारल्यावर मावश्यांनी वाढवलेले लेकरू वडिलांकडे देण्यात आले. मावश्यांना भेटीची मुभा ठेवण्यात आली. २०२२ च्या जुलैमधला निर्णय तर जवळजवळ याच घराचा वाटावा असा आहे: पती वारल्यावर पुनर्विवाह केलेल्या आईविरुद्ध आजी-आजोबांनी पालकत्वाचा अर्ज केला, खालच्या न्यायालयाने पालकत्व नाकारून मर्यादित भेटी दिल्या, आणि मुलाचे आडनाव काय असावे हे एकमेव नैसर्गिक पालक म्हणून आईनेच ठरवायचे, असे सर्वोच्च न्यायालयाने शेवटी सांगितले.

मग आजी-आजोबांच्या हाती राहते काय? आजी-आजोबांना नातवंडांच्या भेटीचा असा स्वतंत्र हक्क आपल्या कोणत्याही कायद्यात लिहिलेला नाही. मात्र कौटुंबिक न्यायालये अधिनियम, १९८४ च्या कलम ७ च्या स्पष्टीकरणात पालकत्व आणि ताबा यांच्या जोडीने अज्ञान मुलाच्या भेटीविषयीची कार्यवाहीही या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्रात घातली आहे, आणि मुलाचे हित हाच सर्वोच्च विचार, हे १९५६ च्या अधिनियमाचे कलम १३ सांगते. भेटीचा आदेश उभा राहतो तो या दोहोंच्या आधारावर. विधी आयोगाच्या २०१५ च्या मे महिन्यातील २५७ व्या अहवालाने आजी-आजोबांबरोबरच्या वेळेचा वेगळा विचार केला होता, पण त्याचे कायद्यात रूपांतर झालेले नाही. तेव्हा आजी-आजोबांना 'आमचा हक्क आहे' असे म्हणून चालत नाही; 'आम्ही तिला भेटणे तिच्या भल्याचे आहे' असे दाखवावे लागते. ऐकायला हा फरक बारीक आहे. बैठकीच्या खोलीत मात्र त्यावरच सारे अवलंबून असते, कारण पहिले वाक्य सुनेशी भांडते आणि दुसरे भांडत नाही.

पहिला आदेश आणि तो का बिघडला

चार महिन्यांनी अंतरिम अर्जावर आदेश झाला: दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, सकाळी अकरा ते एक, न्यायालयातील मुलांच्या खोलीत भेट. अशा प्रकरणांत पहिला आदेश बहुधा असाच असतो आणि त्यात चूक काही नाही. दोन्ही बाजूंचा एकमेकांवर विश्वास नसताना तिसऱ्याच्या छपराखाली भेट घडवणे सुरक्षित असते. तरी तिसऱ्या भेटीनंतर मुलीने यायला नकार दिला, आणि आईने भेटी थांबवण्याचा अर्ज दिला.

दोन्ही वकिलांकडे या नकाराचे तयार स्पष्टीकरण होते. एकाच्या मते आईने मुलीचे कान भरले होते. दुसऱ्याच्या मते मुलीला आजी-आजोबांची भीती वाटत होती. समुपदेशकांनी मुलीशी दोनदा एकटीशीच बोलून जो अहवाल दिला त्यात दोन्हींपैकी काहीच नव्हते. खोलीत इतर मुले रडत असतात, तिथे बसायला तिला आवडत नाही. आजी डब्यातून खोबऱ्याच्या वड्या आणते, त्या आवडतात. "आजोबा बाबांचा फोटो दाखवतात आणि रडतात, मग मी काय बोलायचं ते मला कळत नाही." आजोबांनी एकदा विचारले होते, तिकडे कोण कोण येतं, ते तिने घरी सांगितले, आई गप्प झाली, आणि त्या गप्प होण्याची मुलीला सर्वात जास्त भीती वाटली. वाकडहून शिवाजीनगरपर्यंतच्या तासाभराच्या प्रवासात आई एक शब्दही बोलत नाही, असेही तिने सांगितले.

हा अहवाल म्हणजे या प्रकरणातला सर्वात मोलाचा कागद. त्याने कोणालाही दोषी ठरवले नाही, आणि जे बिघडले होते ते हाताने दुरुस्त करता येण्याजोगे आहे असे दाखवले: जागा, प्रश्न आणि ने-आण. १८९० च्या अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे मुलाला समजून-उमजून पसंती सांगण्याइतके वय असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकते. सात वर्षांच्या मुलीच्या नकाराला पसंती समजून तिथेच थांबले असते, तर भेटी कायमच्या बंद झाल्या असत्या. तो नकार कशाला आहे हे विचारल्यावर तो आजी-आजोबांना नव्हताच, असे दिसले.

आत्या

दोन्ही बाजूंनी जिचे नाव घेतल्यावर कोणाचा चेहरा आवळला नाही, अशी एकच व्यक्ती निघाली. ती मुलीची आत्या, राहायला कोथरूडला. भावाच्या आजारपणात तिने आणि सुनेने रुग्णालयाच्या पायऱ्यांवर एकत्र रात्री काढल्या होत्या. अर्जाबद्दल तिला विचारले गेले नव्हते आणि ती त्यात पक्षकारही नव्हती. समुपदेशकांनी तिला बोलावले तेव्हा तिने आधी वडिलांना चार शब्द सुनावले आणि मग वहिनीलाही. दोघांनी ऐकून घेतले. इथून पुढच्या भेटी तिच्या घरी सुरू झाल्या. आई मुलीला तिथे सोडते, आजी-आजोबा अर्ध्या तासाने येतात, आणि ते निघून गेल्यावर आई तिला घ्यायला येते. सहा महिने सून आणि सासू-सासरे एकमेकांसमोर आले नाहीत, आणि मुलीला त्यांना एकमेकांसमोर ताठरताना पाहावे लागले नाही. एरवी उंबरठ्यावरच्या त्या दोन मिनिटांत पुढचे दोन तास नासून जातात.

शेवटी दोन्ही बाजूंनी तडजोडीची पुरसिस (न्यायालयाला द्यायचे लेखी निवेदन) दाखल केली. पालकत्वाची आणि ताब्याची मागणी आजी-आजोबांनी मागे घेतली, आणि अर्जातील चारित्र्याविषयीची वाक्येही मागे घेतली. हे दुसरे कायद्याच्या दृष्टीने फारसे आवश्यक नव्हते, पण ते सुनेने मागितले आणि मिळाले. आजोबांनी मराठीत, स्वतःच्या अक्षरात ते लिहून दिले.

अटींत पहिला आणि तिसरा शनिवार कायम राहिला, वेळ मात्र सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच अशी झाली. पहिले तीन महिने आत्याच्या घरी, त्यानंतर नवी पेठेत. दर बुधवारी संध्याकाळी साडेसात वाजता पंधरा मिनिटे व्हिडिओ कॉल. मुलीला आधी थांबवायचा असेल तर ती थांबवेल आणि त्याचे कारण तिला कोणी विचारणार नाही. मुलगी आजारी असेल तर आईने आदल्या दिवशी रात्री आठपर्यंत कळवायचे आणि बुडालेली भेट पुढच्या शनिवारी भरून द्यायची. शाळेच्या फाटकाशी कोणी जायचे नाही, पण स्नेहसंमेलनाच्या दोन प्रवेशिका आईने आजी-आजोबांना पाठवायच्या. मुलीला आईच्या घराबद्दल आणि तिथल्या माणसांबद्दल प्रश्न विचारायचे नाहीत. वडिलांबद्दल बोलायला कोणत्याही घरात मनाई नाही. हे वाक्य सुनेने स्वतः सुचवले. तोवर तिच्या घरात बाबांचे नाव कोणी घेत नव्हते हे तिला अहवाल वाचून जाणवले होते.

सणांवर सर्वात जास्त वेळ गेला. नवी पेठेतला गणपती पाच दिवसांचा आणि गौरींचा. आजींना पाचही दिवस नात हवी होती. सुनेच्या होणाऱ्या सासरीही गणपती बसत होता. त्या दिवसांत पेठांमधले रस्ते वाहनांना कधी बंद होतील याचा नेम नसतो, हेही पाहावे लागले. शेवटी गौरीजेवणाचा दिवस आजींना मिळाला, मुलीला आदल्या संध्याकाळी आत्या घेऊन जाईल आणि त्या रात्री मुलगी आत्याकडे राहील, असे ठरले. वडिलांच्या वर्षश्राद्धाला मुलीने यावे ही आजोबांची इच्छा होती. आईला ते पटत नव्हते. तिथी शाळेच्या दिवशी येत नसेल तर मुलगी जेवायला येईल, विधीला बसणार नाही, यावर दोघे थांबले. दिवाळीची भाऊबीज आत्याकडे, आतेभावाबरोबर. या कलमावर आत्या काही बोलली नाही. तिला स्वतःला ओवाळायला आता भाऊ उरला नव्हता, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होते.

पैसा

सुनेच्या कैफियतीतला सदनिकेचा आरोप सर्वस्वी पोकळ नव्हता. सदनिका पती-पत्नीच्या नावे निम्मी-निम्मी होती. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मुलाच्या निम्म्या हिश्शाचे पहिल्या वर्गातील वारस तिघे: विधवा पत्नी, मुलगी आणि आई. वडील त्या वर्गात येत नाहीत. म्हणजे आजींचा एक षष्ठांश, मुलीचा एक षष्ठांश, आणि उरलेले दोन तृतीयांश सुनेचे. पुनर्विवाहाने यात फरक पडत नाही. मुलीच्या हिश्शासह सदनिका विकायची झाली तर १९५६ च्या पालकत्व अधिनियमाच्या कलम ८ प्रमाणे आईलाही न्यायालयाची परवानगी लागेल.

एका बैठकीत असा प्रस्ताव आला की आजींनी आपल्या हिश्शाचे हक्कसोडपत्र करून द्यावे आणि सुनेने महिन्याच्या चारही शनिवारी भेट द्यावी. प्रस्ताव मांडणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. समुपदेशकांनी तो तिथेच थांबवला, आणि पुरसिसमध्ये मालमत्तेचा एकही शब्द येऊ दिला नाही. हे त्यांनी फार चांगले केले. शनिवारांना एकदा चौरस फुटांचा भाव लागला की बुडालेल्या प्रत्येक भेटीचा हिशेब त्याच भावाने मागितला जातो. षष्ठांशाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. आजींना तो हिस्सा नातीच्या नावे करायचा आहे, आजोबांना घाई नको आहे, आणि सुनेने तो विषय काढलेला नाही.

आडनावाचे कलमही घातले नाही. २०२२ च्या निर्णयानंतर त्यावर आजी-आजोबांना बोलण्यासारखे फारसे नव्हते, आणि सुनेने सध्या आडनाव बदलण्याचा विचार नाही असे तोंडी सांगितले. नव्या पतीने पुढे मुलीला दत्तक घेतले तर काय, हा प्रश्न आजोबांनी विचारला. सावत्र वडील नुसत्या लग्नाने नैसर्गिक पालक होत नाहीत. दत्तकविधान झाले तर मात्र कायद्याने मुलीचे नातेच बदलते. त्या कारणावरून भेटी थांबवणार नाही, अशी हमी सुनेने लिहून दिली.

संमतीने झालेल्या आदेशावर १९८४ च्या अधिनियमाच्या कलम १९ खाली अपील होत नाही. पण मुलांविषयीचे आदेश परिस्थितीप्रमाणे बदलता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ पासून सांगितले आहे, आणि म्हणून पुरसिसच्या शेवटी दोन वर्षांनी फेरविचार करण्याची अट आहे. नवी पेठेतल्या घरी रात्री मुक्कामाला राहायचे की नाही, हा मुद्दा अटींत जाणूनबुजून मोकळा सोडला आहे. फेरविचाराच्या वेळी मुलगी दहा वर्षांची असेल, आणि त्या बैठकीला तिला खोलीबाहेर बसवून ठेवू नये, अशी टीप समुपदेशकांनी आपल्या शेवटच्या अहवालात लिहून ठेवली आहे.